दामा तांडेलाला दिसलेली लाल वेणी

सर्व सुज्ञ, अतिसुज्ञ आणि शेजाऱ्याचा अंक मागून आणून वाचणाऱ्या वाचकांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, खाली सही करणारा इसम — म्हणजे मी — सकाळचा चहा घेऊन, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाखाली न येता असे जाहीर करीत आहे की, कुलाबा जिल्ह्यातील मौजे थळ येथील एका म्हाताऱ्या कोळ्याने, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असताना, आकाशातला एक असा रंग पाहिला जो माणसाच्या डोळ्याला दिसत नाही. हरकत असल्यास संपादकांना लिहावे. मला लिहू नये, मी उत्तर देत नाही.

झालं. आता जरा मांडी घालून बसतो.

आधी एक सांगून ठेवतो. माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. मी ड्रॉइंग मास्तर आहे. समोर मडकं ठेवलं तर मडकं काढायचं, हा माझा धंदा. पिंपळावरचा मुंजा, विहिरीतली बाई, खाडीवरचा कंदील — हे सगळे मी लहानपणापासून ऐकत आलो आणि एकानंही मला कधी दर्शन दिलं नाही. उलट कैक लोकांना मी स्वतःच चादर पांघरून दर्शन दिलेलं आहे. तेव्हा भोळा माणूस म्हणून माझ्याकडे बघू नका… लबाड म्हणून बघा. या गोष्टीत ते फार उपयोगी पडेल.

ही हकीकत पंचवीस सालची. मी तेव्हा तिशीत, पेणच्या शाळेत नोकरीला. सुट्टी मिळाली की थळला नानाकाकांकडे पळायचो. नानाकाका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. मिठाच्या खात्यातून पेन्शन घेतलेले, काकू गेल्यावर एकटे राहणारे, आणि सगळ्या गावाच्या मते थोडे सुटलेले. कारण पेन्शन हातात पडल्याबरोबर त्यांनी मुंबईच्या जुन्या बाजारातून एक टेलिस्कोप उचलून आणला होता. तीन इंची काच, चार-साडेचार फुटांची पितळी नळी. धरमतरहून बैलगाडीत, गवताच्या पेंढ्यांत गुंडाळून, एखादी नवी नवरी आणावी तसा तो त्यांनी घरी आणला.

घराच्या मागे परस होतं. एका बाजूला विहीर, दुसऱ्या बाजूला अळूचा वाफा, आणि मधल्या सारवलेल्या जागेत वाळू भरलेलं एक पिंप. त्या पिंपावर टेलिस्कोपची घोडी. पलीकडे नारळांची एक रांग, की लगेच कोळीवाडा. वाऱ्याबरोबर सुकत घातलेल्या बोंबलांचा वास यायचा. नानाकाका म्हणायचे, "शनीची कडी आणि बोंबलाचा वास, दोन्ही एकदम घेणारा हिंदुस्थानात मी एकटाच असेन." आजही मला कुठं सुक्या मासळीचा वास आला की मान आपोआप वर जाते.

काकांना सगळं दिसून झालं होतं. गुरूचे चंद्र, शनीची कडी, मृगातला मोठा तेजोमेघ. मग त्यांना नाद लागला एका दुसऱ्या तेजोमेघाचा. मृग नक्षत्रातला तो तांबूस काक्षी आहे ना, त्याच्यापासून प्रश्वा ताऱ्याकडे निघालात की वाटेत सहा ताऱ्यांचा एक छोटा घोळका लागतो, तीन-तीनच्या दोन ओळी. तारे सहज दिसतात. पण त्यांच्याभोवती वायूचा एक ढग आहे, स्वतःच्या उजेडानं चमकणारा… आणि तो इतका फिका की काकांच्या विलायती पुस्तकात त्याच्यापुढं नुसतं 'अतिशय अंधुक' असं लिहून मोकळे झाले होते. चित्र नाही, काही नाही.

काका डोक्यावर घोंगडी घेऊन तासभर बसायचे. "सरळ बघू नकोस," मला सांगायचे, "कडेला बघ. जरा दुसरीकडे लक्ष आहे असं दाखव, म्हणजे तो येतो." दोन हिवाळ्यांत एकदाच त्यांना काहीतरी दिसलं होतं. "आरशावर उच्छ्वास टाकावा तशी पांढुरकी वाफ," ते म्हणाले. आनंदानं त्यांचा आवाज कापत होता. मग मला बसवलं. "दिसली?"

वाचकहो, मला काळोख दिसला. काळोख आणि सहा तारे. पण एकटा म्हातारा, तो कापणारा आवाज… मी म्हणालो, "दिसली हो काका! अगदी वाफच."

ही पहिली थाप.

आता गंमत ऐका. एकदा राघो कोळी काकांकडे नारळ उतरवायला आला होता. काकांनी खुशीत त्याला नळीला डोळा लावायला दिला आणि म्हणाले, "ती वाफ दिसली ना, की समज तुझे डोळे फर्स्ट क्लास!" बिचारे सहज बोलून गेले. राघो उन्हातान्हात समुद्र बघणारा तिशीचा गडी. तो खरंच तिरपं बघून "हां, कायतरी हाय," म्हणाला. झालं! चार दिवसांत कोळीवाडाभर झालं की नानांची नळी डोळे तपासते. आकाशातली वाफ दिसली तर माणूस दर्यावर जायला लायक, नाही दिसली तर त्यानं घरी बसून जाळी विणावी.

मग काय विचारता! दिवेलागणीनंतर परसात रांग. बायका, पोरं, गडी. काका आधी चिडले, मग हरखले. उभ्या आयुष्यात त्यांच्याकडे कोणी रांग लावली नव्हती. आणि प्रत्येकाला वाफ दिसायची! न दिसून सांगणार कोणाला? एकाला भाताच्या तपेल्याची वाफ दिसली, एकीला पेजेची. एका संध्याकाळी मी हळूच नळीच्या तोंडाला टोपण लावून ठेवलं. आत कुट्ट काळोख. तरी आलेला गृहस्थ म्हणाला, "वा, आज तं लई झ्याक दिसतेय!" मला विहिरीआड जाऊन तोंडात पंचा कोंबावा लागला.

काकांना मी काही सांगितलं नाही. कोळ्यांनाही नाही. इतकी फुकटची करमणूक कोण बंद करील?

आणि मग दामा तांडेलाची पाळी आली.

दामा हा राघोचा बाप. साठीच्या पुढचा, काळा कुळकुळीत, कानात सोन्याची बाळी. तांडेल म्हणजे होडीचा मुख्य, सुकाणू धरणारा. चाळीस वर्षं सुकाणू त्याच्या हातात. मला सातव्या वर्षी पाण्यात ढकलून पोहायला शिकवलं ते त्यानंच… म्हणजे ढकललं त्यानं, शिकलो माझा मी. पण गेली दोन वर्षं त्याच्या बुबुळांवर दुधावरच्या सायीसारखा पडदा आला होता. माणूस आवाजावरून ओळखायचा. तरी होडी सोडत नव्हता. आदल्या दिवाळीनंतर त्यानं होडी उंदेरी बेटाच्या खडकाला घासली. राघोचा धाकटा मुलगा पाण्यात पडला, कसाबसा हाती लागला. राघो तेव्हापासून बापाशी बोलेना.

तोड काढली राघोच्या बायकोनं, चांगुणानं. फटकळ बाई, पण घर तिनंच बांधून ठेवलं होतं. सासऱ्यासमोर उभी राहून म्हणाली, "बाबा, आमी बोललो की तुमाला राग येतो. नानांच्या नलीला विचारा. वाफ दिसली तं सुकानू तुमचा, आमी तोंडातून शब्द काडनार नाय. नाय दिसली तं उद्यापास्नं घरी."

दामा म्हणाला, "बरं."

दिवस ठरला माघ वद्य अष्टमीचा. त्या दिवसांत भरती-ओहोटीला जोर नसतो, डोल जाळी लावून काही मिळत नाही, म्हणून सगळ्या होड्या घरी. चंद्र उगवायचा मध्यरात्री, म्हणजे संध्याकाळ छान काळोखी. दुपारी मी दामाला किनाऱ्यावर गाठलं. म्हाताऱ्याचं सुकाणू जावं असं मला मुळीच वाटत नव्हतं. आणि अख्ख्या थळमध्ये त्या परीक्षेचं उत्तर पक्कं ठाऊक असलेला माणूस मीच होतो.

"दामादादा," मी म्हटलं, "एक सांगू? डोळा लावायचा, शंभर आकडे मोजायचे, आणि म्हणायचं — पांढरी वाफ. बस्स."

"आन दिसली नाय तं?"

"नाही दिसली तरी पांढरी वाफ."

तो बराच वेळ हसला. मग म्हणाला, "मास्तर, होडीच्या नालेवर, पुडच्या टोकाला, मानूस बसवतात ना नजर ठेवाला? त्यानं दिसंल तेच बोलाचं. समोरचा काय ऐकाला बसलाय ते नाय बगाचं. नायतर सगली बुडतात. मना लहानपनी त्याच्यासाठी एकदा मार पडलाय. आता कुटं खोटं शिकवतांव?"

मला वाटलं, बोलायला सगळे असंच बोलतात. ऐन वेळी म्हणेल.

संध्याकाळी परसात वीसेक माणसं. कंदील विझवलेले, विड्यासुद्धा काकांनी विझवायला लावलेल्या. एकमेकांची तोंडं दिसत नव्हती. काकांनी तो सहा ताऱ्यांचा घोळका बरोबर मध्ये आणला. मी स्वतः बघून खात्री केली. सहा तारे, काळोख. मग राघोनं बापाला हाताला धरून स्टुलावर बसवलं. किती महिन्यांनी त्यानं बापाला हात लावला होता, देव जाणे.

दामानं डोळा लावला.

शंभर आकडे झाले. दोनशे झाले. कोणी खाकरलं. मी मनात म्हणतोय, म्हण रे बाबा, म्हण… पांढरी वाफ.

"चांदन्या नाय दिसत मना," दामा म्हणाला.

चांगुणाचा श्वास मला ऐकू आला.

"पन वेनी दिसतेय."

"वेणी?" काकांनी विचारलं.

"लाल फुलांची वेनी. अबोलीपेक्षा लाल… जास्वंदीगत. गोल गुंडाललेली. मदी भोक हाय, त्यात काय नाय." तो अगदी सावकाश बोलत होता, दर्यावरून किनारा वाचावा तसा. "आन एका बाजूला फुलांतनं काला दोरा गेलाय. बारीक. तुटलेला."

काळोखात कोणीतरी फिसकन हसलं. मग दुसरं. मला काही हसू आलं नाही. माझ्या अंगात मात्र नेहमीचा सैतान शिरला. मी नळीच्या पुढच्या टोकाशी उभा होतो. कोणाला दिसत नव्हतं. मी अलगद हात उचलला आणि काचेसमोर धरला.

"कोन उभा रायला रं पुडं?" दामा लगेच म्हणाला. "वेनी गेली."

मी हात काढला.

"आली."

पुन्हा धरला. अजिबात आवाज न करता. "गेली. कोन मस्करी करतंय?"

खरं सांगतो, माझ्या पाठीवरून घामाची एक थंड धार निघाली ती थेट करदोट्यापर्यंत. टोपण लावलेल्या नळीत वाफ बघणारी डोळस माणसं मी पाहिली होती. हा आंधळा माणूस खरोखर काहीतरी बघत होता. आणि ते त्या जमावात फक्त मला माहीत होतं.

बोलायला हवं होतं. "थांबा," एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. पण मग सगळंच बाहेर आलं असतं. वाफ मला कधीच दिसली नव्हती, टोपण मी लावलं होतं, दुपारी म्हाताऱ्याला थाप मी पढवली होती. सगळ्यांत वाईट म्हणजे ते काकांसमोर बाहेर आलं असतं. मी तसाच उभा राहिलो.

राघो म्हणाला, "बाबा, चला. पांडरी वाफ हाय ती. समद्यांना पांडरीच दिसली." आवाजात राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं.

दामा उठला. राघोच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "उद्या पान्याचा जोर बगून निग. खांदेरीच्या बाहेरनं जा, आतनं नको." म्हणजे सुकाणू दिलं. पाठच्या दारातून जाताना माझ्याजवळ थांबला. माझा श्वास ओळखला की काय, कोण जाणे. हळूच विचारलं, "मास्तर, तुमी बगितलीव ना? लालच ना?"

मी म्हटलं, "हो दामादादा. लालच."

ही दुसरी थाप.

लोक गेल्यावर मी घरात कंदील लावला आणि काकांच्या वहीत दामानं सांगितलेली वेणी पेन्सिलीनं काढून ठेवली. गोल, मध्ये भोक, बाजूला तुटका दोरा. काकांनी शेजारी तिथी आणि वेळ घातली आणि खाली लिहिलं, 'निरीक्षक : दामा तांडेल'. मी विचारलं, "तुम्हाला हे खरं वाटतं?" ते म्हणाले, "मी कोण ठरवणार? मला तरी आयुष्यात एकदाच दिसलंय." त्यानंतर त्यांनी परसात रांग लावू दिली नाही.

दामा पुढची सहा वर्षं वाळूत बसून जाळी शिवत होता. मी गेलो की शेजारी बसायचो. वेणीचा विषय त्यानं पुन्हा कधी काढला नाही. फक्त कधीतरी, माघ-फाल्गुनात, संध्याकाळी तोंड वर करून बसलेला असायचा. एकतीस साली तो गेला, पुढच्या वर्षी काका गेले. टेलिस्कोप आणि वही माझ्याकडे आली.

आता गेल्या वर्षाचं सांगतो. कामासाठी मुंबईला गेलो होतो. एका वाचनालयात दुपार काढत होतो, म्हणजे पंख्याखाली डुलकी. समोर आकाशावरचं एक नवं विलायती पुस्तक होतं. चाळता चाळता एक पानभर फोटो आला. कुठल्याशा डोंगरावरच्या अजस्र दुर्बिणीला फोटोची काच लावून, तासन्‌तास उजेड साठवून काढलेला.

वेणी! गोल. मध्ये भोक.

आधी दोरा जुळेना. मग लक्षात आलं की टेलिस्कोपातलं चित्र उलटं दिसतं. मी पुस्तक उलटं फिरवलं… आणि दोरा बरोबर त्या जागी आला. काळा, बारीक, तुटका. शेजारचे गृहस्थ माझ्याकडे बघायला लागले. वाचनालयात पुस्तक उलटं धरून घाम पुसणारा माणूस त्यांनी बहुधा पहिल्यांदा बघितला असावा.

फोटो अर्थात काळा-पांढरा. पण खाली मजकूर होता. त्या ढगातला हायड्रोजन वायू तांबडा उजेड टाकतो म्हणे. लोलकातून पाहिला तर ती तांबडी रेघ उमटते. पण इतक्या मंद उजेडात माणसाच्या डोळ्याला तांबडा रंग कळतच नाही, कितीही मोठी दुर्बीण लावा.

मी ग्रंथपालांना काय थाप मारून ते पुस्तक आठ दिवसांसाठी बाहेर काढलं, ते इथं लिहीत नाही. त्यांच्या नोकरीचा प्रश्न आहे.

ओळखीच्या एका डोळ्यांच्या डॉक्टरांना गाठलं. ते म्हणाले, पिकलेल्या मोतीबिंदूतून सगळंच पिवळसर-तांबूस दिसू शकतं. ठीक आहे, मानलं. मग भोक? दोरा? आणि हात धरला तेव्हा "गेली" कसं म्हणाला? डॉक्टर म्हणाले, "तुमचा हात काचेला लागला असेल, नळी हलली असेल." नाही लागला. सायन्सच्या एका प्रोफेसरांना विचारलं, तर ते म्हणाले, त्यानं आधी कुठंतरी तो फोटो पाहिला असावा. दामानं! ज्याच्या घरात कागद फक्त सुका जवळा बांधायला यायचा! बारा वर्षं होतील आता. मी उलटसुलट सगळं करून पाहिलं, गेल्या माघात त्याच टेलिस्कोपला डोळा लावून मान अवघडेपर्यंत बसलो. सहा तारे, काळोख.

पुस्तक परत करण्याआधी मी रेवसची बोट पकडली आणि थळला गेलो. राघोच्या अंगणात बसलो. त्याच्याही डोक्यावर आता पांढरं दिसायला लागलं आहे. मी सगळं सांगितलं. पहिली थाप, टोपण, दुपारची शिकवणी, काचेपुढचा हात, दुसरी थाप. एकही वगळली नाही. मग वहीतलं चित्र आणि फोटो शेजारी शेजारी मांडले.

राघोनं पुस्तक जवळ ओढलं. बोटानं तो काळा दोरा चाचपला.

"बापूस बरोबर बोल्ला व्हता," तो म्हणाला. मग, स्वतःशीच बोलल्यासारखं, "पन खडक तं त्याला दिसत नव्हता ना, मास्तर? मी पोरं घेऊन जातो होडीवर. मी काय करनार व्हतो?"

मी म्हटलं, "तुझं काही चुकलं नाही राघो. सुकाणू तू घेतलंस ते बरंच झालं. फक्त सगळ्यांसमोर तो खोटा ठरून घरी गेला, ते व्हायला नको होतं."

चांगुणा चुलीपाशी भाकरी थापत होती. ती पिठाच्या हातानं तशीच उठून बाहेर आली, फोटोकडे बघितलंसुद्धा नाही, सरळ माझ्याकडे बघितलं आणि अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशी ओरडली :

"मास्तर, म्हातारा सा वर्सं तुमच्या शेजारी वालूत बसला व्हता, तवा तुमचं तोंड काय शिवलं व्हतं?"